खलबत्त्यातली दहा मिनिटं

वणीच्या आठवडे बाजारात लसूण दोन ठिकाणी मिळतो. एक गाळेवाल्यांकडे. पांढरेशुभ्र, मोठ्या पाकळ्यांचे गड्डे, जाळीच्या गोण्यांतून ओतलेले, बहुतेक मध्य प्रदेशातून, मंदसौर-नीमचच्या बाजूने आलेले. दुसरा बाजाराच्या कडेला, डोंगरातल्या पाड्यांवरून आलेल्या बायकांपुढे. फडकं अंथरलेलं असतं, त्यावर नागली, उडीद, एखाद्या रानभाजीच्या जुड्या आणि लसणाचे चार वाटे. हा गावठी लसूण दिसायला अगदीच बारका. साल जांभळट, पाकळ्या दाटीवाटीने बसलेल्या, टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या. सोलायला बसलं की नखं दुखतात. वाटा पिशवीत ओतताना विकणारी मावशी न विचारताच सांगते, "गावठी हाये ताई, निम्माच घाला." आणि तिचं म्हणणं खरं असतं. मोठ्या पाकळ्यांच्या लसणाच्या सवयीने हात सैल सोडला, तर ठेचा जिभेवर टेकवत नाही.

कच्च्या लसणाबद्दल लिहायचं तर मला या वाट्यापासूनच सुरुवात करावी लागते, कारण आमच्या भागात कच्चा लसूण म्हणजे ठेचा. औषध नंतर, आधी भाकरीबरोबरचं कोरड्यास. वणी, दिंडोरी, कळवण, सुरगाणा या पट्ट्यात त्याची एकच एक रीत नाही. कुठे मिरच्या लोखंडी तव्यावर तेलाचं बोट फिरवून डाग पडेपर्यंत भाजतात आणि त्याच तव्यावर मीठ-लसूण टाकून तांब्याच्या बुडाने रगडतात. कुठे मिरची आणि लसूण दोन्ही कच्चे, सरळ खलबत्त्यात. शेंगदाणे कुणी घालतं, कुणाला ते अजिबात चालत नाहीत. कोथिंबिरीच्या काड्या मात्र बहुतेक घरी पडतात, पानं भाजीला जातात.

माझ्या आईची रीत यांच्या मधली होती. मिरची भाजलेली, लसूण कच्चा. खलात आधी जाडं मीठ, त्यावर सोललेल्या पाकळ्या. मिठाच्या खड्यांमुळे पाकळी बत्त्याखालून निसटत नाही. पहिल्या एक-दोन ठोक्यांना काहीच कळत नाही. आख्ख्या पाकळीला नाक लावून पाहा, जेमतेम कांद्याच्या सालीसारखा फिकट वास येईल. मग पाकळी फुटते, बत्त्याच्या बुडाला चिकट रस धरतो, आणि एकदम तो झणका उठतो, डोळ्यांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा. तिथे आई थांबायची. खल ओट्याच्या कडेला सरकवायची आणि मिरच्या भाजायला घ्यायची. त्या भाजून, त्यांची तडतड शमून, हाताला सोसवतील इतक्या निवेपर्यंत ठेचलेला लसूण तसाच पडलेला असायचा. मग मिरच्या खलात. लिंबू सगळ्यात शेवटी, ठेचा वाटीत काढल्यावर. मध्ये कुणी घाई केली तर "राहू दे त्याला जरा" एवढंच म्हणायची. का राहू द्यायचं ते तिने सांगितलं नाही. तिला तिच्या आईनेही सांगितलं नसावं.

या क्रमामागचं कारण प्रयोगशाळेत सापडलं त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. 1944 साली अमेरिकेत चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन हेज बेली या दोघांनी ठेचलेल्या लसणातून एलिसिन हे द्रव्य वेगळं काढलं. पुढे काही वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथे आर्थर स्टोल आणि एवाल्ड झेबेक यांनी त्याची जन्मकथा उलगडली. अखंड पाकळीत एलिसिन नसतंच. असतं ते एलिइन, आणि त्याच पाकळीत एलिनेज नावाचं विकर. पण दोघांचे कप्पे वेगळे, मध्ये पातळसा पडदा. एका वाड्यात राहून मध्ये भिंत घातलेल्या भावांसारखी त्यांची स्थिती. बत्त्याचा घाव बसतो, भिंत पडते, आणि काही सेकंदांत एलिसिन तयार होऊ लागतं. आपण ज्याला लसणाचा वास म्हणतो, ज्याच्यासाठी लसणाला गुणकारी म्हणतो, ते घाव घातल्यानंतर तयार होतं. माझ्या दृष्टीने लसणाबद्दलची ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे. गुण वस्तूत आहे तसा तो कृतीतही आहे, आणि ती कृती आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या मनगटांनी केली आहे.

अर्थात लसणाने ही व्यवस्था आपल्यासाठी केलेली नाही. जमिनीत गड्ड्याला एखाद्या किड्याने किंवा उंदराने दात लावला, एखादी बुरशी आत शिरू लागली, तर तिथल्या तिथे तिखट मारा व्हावा म्हणून ती आहे. आमच्याकडचे शेतकरी हे ओळखून आहेत. दिंडोरी-निफाडच्या मळ्यांत लसूण-मिरचीचा अर्क फवारणारे आजही भेटतात, दशपर्णी अर्कातही लसूण पडतो. किडीला जे नकोसं वाटतं त्याच्यावर आपण भाकरी खातो.

आता त्या "राहू दे जरा" कडे येऊ. एलिनेज हे विकर उष्णतेपुढे टिकत नाही. आख्ख्या पाकळ्या थेट गरम तेलात टाकल्या तर विकर आधी मरतं आणि एलिसिन जवळजवळ होतच नाही. अशा लसणाला तळल्यावर गोडसर, बदामी चव येते. ती वाईट नाही, मला वरणावर ती आवडते, पण ती वेगळी वस्तू आहे. 2001 साली कुन साँग आणि जॉन मिल्नर या अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लसूण मिनिटभर मायक्रोवेव्हमध्ये तापवला तर एका कर्करोगकारक द्रव्याला अडवण्याची त्याची ताकद नाहीशी झाली. तोच लसूण ठेचून दहा मिनिटं राहू दिला आणि मग तापवला, तर ती सगळी गेली नाही, काही उरली. प्रयोग उंदरांवरचा आहे, त्यावरून माणसाच्या कर्करोगाबद्दल काहीही सांगता येत नाही. पण स्वयंपाकघरापुरती एक गोष्ट त्यातून नक्की कळते. लसूण ठेचायचा तो कढई चुलीवर ठेवण्याआधी, फोडणी तडतडत असताना घाईने नाही. ठेचायचा, बाजूला ठेवायचा, तोवर कांदा चिरायचा, डाळ घोटायची. दहा मिनिटांत विकराचं काम आटोपतं. मिरच्या भाजून निवायलाही साधारण तेवढाच वेळ जातो.

लिंबाचंही तसंच. फार आंबट झालं की हे विकर काम थांबवतं. म्हणून ठेच्यात लिंबू शेवटी, झणका पुरता तयार झाल्यावर. उलट ज्यांना लसूण आवडतो पण सोसत नाही, त्यांनी तो लिंबाच्या रसातच ठेचावा. तिखटपणा निम्म्याने मरतो आणि चव राहते. आमच्या आत्याबाई म्हातारपणी असाच खायच्या. आयुर्वेदाने लसणात सहापैकी पाच रस मानले आहेत, नाही तो आंबट. आमच्या ताटाने तो वरून पुरवलेला दिसतो. ठेच्यात लिंबू, चैत्र-वैशाखात कैरीचा तुकडा, आणि भाकरीशेजारी ताक. ग्रंथ वाचून कुणी हे केलं नसेल. जिभेला जे कमी वाटलं ते तिने मागून घेतलं.

ग्रंथांचं निघालंच आहे तर भूर्जपत्रांवरच्या एका पोथीबद्दल सांगायला हवं. 1890 साली हॅमिल्टन बॉवर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला मध्य आशियात कुचा इथे ती मिळाली आणि पुढे रुडॉल्फ हर्नले या विद्वानाने ती संपादून छापली. पोथी साधारण दीड हजार वर्षांपूर्वीची, संस्कृतातली, आणि तिच्या पहिल्याच भागात सुरुवातीला लसणाचं गुणवर्णन आहे. हिवाळ्यात लसणाचा उत्सव करावा, घरांच्या दारांवर लसणाच्या माळा बांधाव्यात असं ती सांगते. राहूने चोरून अमृत प्यायलं, विष्णूने त्याचा गळा कापला, आणि त्यातून जमिनीवर पडलेल्या थेंबांतून लसूण उगवला, ही कथाही तिच्यात आहे. अष्टांगहृदयातही ती येते. अमृताचा म्हणून तो रसायन, आणि असुराच्या गळ्यातला म्हणून द्विजांना वर्ज्य. यावर पोथीने काढलेली वाट मला फार माणसासारखी वाटते. ब्राह्मणाला लसूण खाता येत नसेल, तर गाईला चाऱ्यात लसूण घालावा आणि ब्राह्मणाने तिचं दूध प्यावं. नियम मोडायचा नाही आणि आजाऱ्याला औषधावाचूनही ठेवायचं नाही.

कुचा हे तियानशान पर्वताच्या पायथ्याचं गाव. लसणाचं मूळ घर त्याच डोंगररांगांच्या आसपासचं मानतात. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी संस्कृत श्लोकांतली लसणाची स्तुती लसणाच्याच माहेरी नेऊन पोहोचवली होती. हा योगायोग कळला तेव्हा मी बराच वेळ नकाशा पुढ्यात घेऊन बसले होते.

वणीसारख्या गावात राहिलं की लसणाची अमृताची आणि वर्ज्य, अशी दोन्ही रूपं वर्षभर आलटून पालटून समोर येतात. गावात जगदंबेचं देऊळ, आणि नांदुरीच्या पुढे गडावर सप्तशृंगी. चैत्रात खानदेशातून पायी येणारे जथे गावावरून जातात. त्यांच्या शिदोरीच्या फडक्यात भाकरी आणि लसणाची कोरडी लाल चटणी असते, कारण उन्हात चार दिवस टिकेल असं तेच. नवरात्रात मात्र आमच्या गल्लीतल्या बऱ्याच घरी घट बसल्यापासून उठेपर्यंत लसणाची पाकळी फुटत नाही. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, तीही जिरं-मिरचीची. त्याआधी आषाढात चातुर्मास लागतो. काही घरांत आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्याची भजी होतात आणि मग कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण बंद.

या बंदीला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला लसूण आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत पोचट होऊ लागतो, त्याला मधोमध हिरवा कोंब फुटतो, काही गड्डे नुसतेच बुरशीने काळे पडतात. उरलेल्यातला चांगला माल लावणीसाठी राखायचा असतो. चार महिने तो न खाण्यात शहाणपण आहे असा माझा तर्क आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्यांच्या घरी भाकरीबरोबर ठेच्याशिवाय दुसरं काही नसायचं, त्यांना चातुर्मास परवडणारा नव्हता. पाड्यांवर श्रावणात आवणी करून, चिखलाने भरलेल्या पायांनी घरी आलेली बाई नागलीच्या भाकरीवर लसूण-मिरचीच ठेचत होती. पावित्र्याचे नियम तिला विचारून झालेले नाहीत. मला दोन्ही घरांबद्दल आदर आहे, पण कच्च्या लसणाची विद्या सांभाळली ती या दुसऱ्या घराने.

आणि ही विद्या ताटातून उचलून कपाटात ठेवली जात आहे, याची मला खरी काळजी वाटते. सकाळी अनशापोटी दोन पाकळ्या, कोमट पाण्याबरोबर. कोलेस्टेरॉल जातं, रक्तदाब जातो, साखर जाते, सांधे सुटतात, असं सांगणाऱ्या चित्रफिती आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलवर फिरतात. ज्यांनी आयुष्यात आवडीने ठेचा खाल्ला नाही अशी माणसं नाक दाबून पाकळ्या गिळताना मी पाहते. आख्खी पाकळी गोळीसारखी गिळली तर पोटातलं आम्ल त्या विकराला गाठतं आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते एलिसिन फारसं तयारच होत नाही. चावून खाल्ली तर घसा आणि रिकामं पोट दोन्ही भाजतात. आम्लपित्त असलेल्याचा दिवसच जातो.

गुणाचं म्हणाल, तर त्याची मोजदाद झालेली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर आणि सहकाऱ्यांनी वाईट कोलेस्टेरॉल मध्यम वाढलेल्या 192 जणांना सहा महिने, आठवड्यातून सहा दिवस लसूण दिला. काहींना कच्चा, सँडविचमध्ये घालून, साधारण एका पाकळीएवढा. काहींना लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या आणि काहींना नुसत्या लुटुपुटीच्या गोळ्या. 2007 साली निष्कर्ष छापून आला. कोलेस्टेरॉलमध्ये या गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सर्दीबद्दल 146 जणांवरचा एक ब्रिटिश प्रयोग आहे. बारा आठवड्यांत एलिसिनच्या कॅप्सूल घेणाऱ्यांना 24 सर्द्या झाल्या, न घेणाऱ्यांना 65. आकडा मोठा दिसतो, पण एकाच प्रयोगावर विसंबता येत नाही असं पुढे सगळे पुरावे तपासणाऱ्या तज्ज्ञांनी स्पष्ट म्हटलं. रक्तदाब आधीच चढलेल्यांमध्ये लसणाच्या गोळ्यांनी तो थोडा उतरल्याचं काही अभ्यासांत दिसतं. 2020 च्या साथीत लसणाने कोरोना टळतो ही आवई उठली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेला सांगावं लागलं की लसूण पौष्टिक आहे, जंतूंवर त्याचा काही परिणाम असेलही, पण या विषाणूपासून तो वाचवतो याला पुरावा नाही.

म्हणजे लसूण काहीच करत नाही असं नाही. थोडं करतो. आणि अन्नाने थोडं करावं हेच बरं, कारण ते रोज पोटात जायचं असतं. पण त्या थोड्याच्या भरवशावर माणसं गोळ्या बंद करतात. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी असंच केलं. लसूण सुरू, रक्तदाबाची गोळी बंद. पोळ्याच्या आदल्या दिवशी चक्कर येऊन ओट्यावर बसले ते उठेनात. दवाखान्यात नेलं तर दाब इतका चढलेला, की डॉक्टर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. सुदैवाने निभावलं. दुसऱ्या एका आजींनी गुडघ्यावर ठेचलेल्या लसणाचा लेप बांधून रात्र काढली आणि सकाळी कातडीवर भाजल्यासारखे फोड. किडीला पळवून लावणारा रस माणसाच्या कातडीलाही सोडत नाही, लहान मुलांच्या तर मुळीच नाही. लसणाने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून वॉरफरिनसारखी औषधं घेणाऱ्यांनी किंवा ज्यांचं ऑपरेशन ठरलं आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो औषधासारखा घेऊ नये. माझ्या आजीने पाळण्याला ओवा-लसणाची पुरचुंडी बांधलेली आहे, ती मीही बांधेन. कानात लसणाचं तेल मात्र ओतणार नाही.

आणखी एक नवी सवय, कच्चा लसूण तेलात घालून बरणी ओट्यावर ठेवण्याची. 1985 साली कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये अशाच तेलातल्या लसणातून बोट्युलिझमची विषबाधा झाली होती. हवा नाही, आंबट नाही, ओल आहे, अशा जागी तो जंतू वाढतो. आपल्या जुन्या रीतींत हे आपोआप टळलेलं आहे. चटणी केली तर खोबरं, तीळ, तिखट, सगळं कोरडं. लोणचं घातलं तर भरपूर लिंबू आणि मीठ. ओला ठेचा त्याच दिवशी संपवायचा. लोणच्यात पाकळ्या कधी हिरव्या-निळ्या होतात त्याची भीती नको, तो गंधकाच्या द्रव्यांचा आंबटाशी झालेला खेळ आहे. आणि तोंडाच्या वासाची ज्यांना लाज वाटते त्यांनी जेवणाबरोबर दही किंवा ताक घ्यावं, पुदिना चावावा. ओहायो स्टेट विद्यापीठात शेरिल बॅरिंजर यांनी हे मोजून दाखवलं आहे. वास फक्त दातांत नसतो, लसूण पचल्यावर त्यातलं एक द्रव्य रक्तातून फुप्फुसात येतं, म्हणून नुसतं दात घासून भागत नाही.

2024 च्या सुरुवातीला किरकोळ बाजारात लसूण चारशे-पाचशे रुपये किलो झाला होता. वणीच्या बाजारात बायका पन्नास-पन्नास ग्रॅम घेत होत्या, तेही गड्डे मोजून. त्या महिन्यांत कितीतरी घरांतून ठेच्याचा आवाज येईनासा झाला. चीनमधून येणाऱ्या लसणावर 2014 पासून बंदी आहे, तरी चोरवाटेने तो येतो अशा बातम्या त्या दिवसांत रोज असायच्या. जगातला सुमारे तीन चतुर्थांश लसूण एकटा चीन पिकवतो, तेव्हा त्याला थोपवणं सोपं नाही. पण नाशिक जिल्ह्याच्या घरांनी लसणासाठी बाजाराकडे पाहावं, हे मला त्या वर्षी फार लागलं. या मातीत तो होतो. देशाचं कांदा-लसणाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र 1994 साली आधी नाशिकलाच सुरू झालं होतं, 1998 मध्ये ते राजगुरुनगरला गेलं. तिथून भीमा ओंकार, भीमा पर्पल निघाले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गोदावरी, श्वेता, फुले बसवंत दिले. वाण चांगले आहेत, गड्डा भरतो, उतारा जास्त.

तरीही गावठी लसूण जपावा असं मी म्हणते, त्याला चवीशिवाय एक कारण आहे. लागवडीचा लसूण बी धरत नाही. त्याला फुलाचा दांडा आला तरी त्यातून पेरण्याजोगं बी मिळत नाही. पाकळीपासून पाकळी, एवढीच त्याची वंशावळ. म्हणून बाजारात मावशीपुढे असलेला जांभळट वाटा हे तिच्या सासूने, तिच्या आजेसासूने लावलेलंच झाड आहे. नातू-पणतू नव्हे, तेच. एक वर्ष सगळा खाऊन संपवला किंवा सगळा सडला, की ते झाड जगातून गेलं. कणगीत बी उरलं असेल, म्हणून ते परत येणार नाही. शिवाय अशा पाकळीबरोबर विषाणूही पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात आणि गड्डा बारीक होत जातो, म्हणूनही तो मागे पडतो. संशोधन केंद्रांनी नवीन वाण काढावेत तसे आमच्या डोंगरातले हे जुने लसूणही गोळा करून, रोगमुक्त करून त्या त्या पाड्यावर परत द्यावेत. ते काम कुणी हाती घेतलं तर वाटे मांडणाऱ्या प्रत्येक मावशीपाशी त्यांना घेऊन जायला मी तयार आहे.

तोवर ज्याच्या दारात हातभर जागा आहे त्याने लसूण लावावा. वेळ कार्तिकी एकादशीच्या आगेमागे, थंडी पडू लागली की. जमीन भुसभुशीत, पाणी न साचणारी. गड्डा लावणीच्या दिवशीच फोडायचा, आधी नाही, आणि पाकळीची साल काढायची नाही. बोटाच्या दोन पेरांएवढं अंतर ठेवून, टोक वर, बूड खाली, वर बोटभर माती. दहा-बारा दिवसांत हिरवी सुई वर येते. जानेवारीत चार पाती खुडून पिठल्यावर घ्यायला हरकत नाही, मात्र एकाच झाडाची सगळी नकोत. पात पिवळी पडून माना टाकू लागली की पाणी तोडायचं, लसूण काढायचा, पातीसकट सावलीत वाळवायचा, वेणी घालून धूर लागेल अशा आढ्याला टांगायचा. पुढच्या कार्तिकात ती वेणी उतरवली, की गड्ड्याच्या बाहेरच्या अंगाच्या मोठ्या पाकळ्या लावायला काढायच्या. आतल्या बारक्या ठेच्याला.